पास्टरांचा आवाज गेला तेव्हा

माझ्या मावसबहिणीचा नवरा पास्टर आहे. मी त्यांना भावजी म्हणते, चर्चमधले सगळे पास्टर म्हणतात आणि काही म्हातारी माणसं अजून पाळकसाहेब म्हणतात. पाळक हा शब्द भावजींना पूर्वी आवडत नसे. जुनाट वाटतो, म्हणायचे. ऐकला की मेंढरंच डोळ्यांपुढे येतात.

पास्टर होण्याआधी ते फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकायचे. दुकान मोठं होतं आणि विक्रीत त्यांचा हात धरणारा तिथे कुणी नव्हता. ताई, म्हणजे माझी मावसबहीण, त्यांना तिथेच भेटली. ती गेली होती इस्त्री घ्यायला आणि घरी आली फ्रिज घेऊन. पुढच्या वर्षी नवराही त्याच दुकानातून आणला, असं ती स्वतःच सांगते. भावजी खोटं बोलून माल खपवायचे असं मात्र नाही. समोरच्याला काय ऐकायचंय ते त्यांना त्याच्या आधी कळायचं, एवढंच.

मग त्यांचे वडील गेले. शेवटच्या आजारपणात आमच्या चर्चचे जुने पाळक रोज संध्याकाळी यायचे, उशाशी बसायचे. त्या दिवसांनी भावजी आतून हलले. दुकान सोडून ते पवित्र शास्त्र शिकायला गेले आणि शिकून आले तोवर जुने पाळक निवृत्त झाले होते. चर्च अर्धं रिकामं होतं. पुढच्या बाकांवर कुणीच बसत नसे, मागे पाचपन्नास म्हातारी माणसं खोकत बसलेली असायची. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाने भावजींना बोलावून घेतलं.

थोड्याच वर्षांत त्यांनी चर्चचा कायापालट केला. बाकं गेली, गादीच्या खुर्च्या आल्या. वेदीच्या जागी स्टेज आलं. भिंतींना काळा रंग दिला, कारण काळ्या भिंतींवर रंगीत दिवे उठून दिसतात. दाराशी कॉफीचं काउंटर, समोर मोठा पडदा, आणि स्टेजवर धूर सोडणारं यंत्र. तो धूर पहिल्यांदा सोडला त्या रविवारी एक आजी काठी टेकत बाहेर गेल्या आणि रस्त्यावरच्या माणसाला म्हणाल्या, आत आग लागली आहे, कुणालातरी फोन कर. पण खुर्च्या भरल्या. तरुण जोडपी आली, कॉलेजची मुलं आली. एका उपासनेच्या दोन कराव्या लागल्या.

माझं काम पडद्याचं. आठवडाभर मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि रविवारी चर्चमध्ये मागच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे. बँड गाणं म्हणतो तेव्हा त्याच्या ओळी पडद्यावर टाकायच्या, उपदेशाचे मुद्दे टाकायचे, सूचना टाकायच्या. मला हे काम आवडायचं. ते सगळं चर्चच मला आवडायचं. तिथून मी हसतमुख घरी जायचे आणि सोमवारपर्यंत तो उत्साह पुरायचा.

उपासना घड्याळाला बांधलेली असे. गाणी, सूचना, दानार्पण, उपदेश, पुन्हा गाणी. उपदेशांची नावं 'चिंतेवर मात करण्याच्या पाच पायऱ्या' अशी असायची. आणि मधे मधे प्रार्थना. प्रार्थनेचा उपयोग काय असतो ते मागच्या कोपऱ्यातून चांगलं दिसतं. त्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, त्यामुळे तेवढ्यात स्टेज बदलून घेता येतं. भावजी माइक धरून प्रार्थना करत असायचे आणि त्यांच्या मागे बँडची मंडळी चवड्यांवर चालत आपापल्या जागी येऊन उभी राहायची. 'आमेन' म्हणेपर्यंत गिटार गळ्यात. लोक डोळे उघडायचे तेव्हा सगळं तयार. कीबोर्डवाला तर प्रार्थनेखाली हळूच सूर धरायचाच. पास्टर गप्प झाले तरी चर्च गप्प झालेलं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

भावजींचा घसा बसायला लागला तेव्हा त्यांनी आधी दुर्लक्ष केलं. गरम पाणी, मध, चघळायच्या गोळ्या. ताई म्हणायची, डॉक्टरला दाखवा. ते म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. असं करता करता एका रविवारी उपदेशाच्या ऐन मध्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा आली. ते पाणी प्यायले, पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. ते माइक हातात घेऊन तसेच उभे राहिले. कीबोर्डवाला हुशार माणूस. त्याने लगेच सूर धरला, बँडने गाणं उचललं, मी ओळी टाकल्या. लोक उभे राहून गायला लागले. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कॉफीच्या काउंटरवर एक बाई मला म्हणाल्या, "आज पास्टर किती भारावले होते नाही? शब्दच फुटेना."

घशाच्या डॉक्टरने सांगितलं की स्वरतंतूंवर गाठ आली आहे, तंतू सुजलेत. आधी पूर्ण विश्रांती, मग छोटी शस्त्रक्रिया, मग पुन्हा विश्रांती. विश्रांती म्हणजे एक अक्षर बोलायचं नाही.

भावजींनी कागदावर लिहिलं, 'हळू बोललो तर?'

"कुजबुजायचंही नाही," डॉक्टर म्हणाला. "कुजबुजण्याने जास्त ताण पडतो. तुम्ही काय करता?"

भावजींनी लिहिलं, 'बोलतो.'

डॉक्टरला हसू आलं. भावजींना आलं नाही.

ताईने मुलांची असते तसली लिहून पुसायची पाटी आणली. सुरुवातीचे दिवस तिला तरी बरे गेले. "लग्नाला एवढी वर्षं झाली," ती मला फोनवर म्हणाली, "काल पहिल्यांदा माझं वाक्य मी स्वतः संपवलं." पण मग तिच्या बोलण्यातली मजा कमी होत गेली. भावजी घरात एखाद्या विसरलेल्या पाहुण्यासारखे फिरतात, म्हणाली. बसतात, उठतात, खिडकीशी जातात. काय झालं विचारलं तर पाटी पुसून टाकतात.

चर्चचं काय करायचं हा प्रश्न अध्यक्षांनी सोडवला. अध्यक्ष म्हणजे आमच्या पंचमंडळाचे प्रमुख. त्यांची फर्निचरची शोरूम आहे. चर्चच्या त्या गादीच्या खुर्च्या त्यांच्याकडूनच आलेल्या. खटपट्या माणूस, कुठे काही अडलं की मार्ग काढणारा. ते म्हणाले, पास्टरांचे जुने उपदेश आपण चित्रित केलेले आहेतच, तेच दाखवू. म्हणून दर रविवारी मी एक जुना उपदेश लावायला लागले. पडद्यावर भावजी, भिंतीएवढे मोठे, आणि समोर भरलेल्या खुर्च्या.

मला वाटलं होतं लोक कमी होतील. झाले नाहीत. लोक पडद्याकडे बघून हसायचे तिथे हसायचे, 'आमेन' म्हणायचे तिथे म्हणायचे. पडद्यावरच्या भावजींनी "शेजाऱ्याकडे वळा आणि त्याला सांगा, देव तुझ्यावर प्रेम करतो" असं म्हटलं की सगळे वळून एकमेकांना सांगायचे. माणूस हजर नाही, याने कशातच खोट आली नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी भावजी स्वतः आले. उपासना सुरू झाल्यावर, दिवे मंद झाल्यावर, मागच्या दाराने येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसले. मांडीवर पाटी. त्यांनी स्वतःचा सगळा उपदेश ऐकला. मग पडद्यावरच्या भावजींनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, येत्या शनिवारी तुझ्या तरुण लेकरांचं शिबिर आहे. प्रभू, नावनोंदणी बाहेरच्या टेबलावर आहे, तर ज्यांनी अजून नावं दिली नाहीत त्यांच्या मनात तू प्रेरणा घाल." माझे डोळे नेहमीसारखे उघडेच होते. मी बाजूला पाहिलं तर भावजींचेही उघडे होते. स्टेजवर बँडवाले चवड्यांवर चालत होते, त्यांच्याकडे ते बघत होते. मग त्यांनी पाटीवर लिहून ती माझ्यापुढे धरली.

'मी कोणाशी बोलतोय?'

मला वाटलं विनोद केलाय. मी हसले. ते पाटी पुसून गाणं सुरू व्हायच्या आत निघून गेले.

पुढचं मला त्यांनी बऱ्याच काळाने सांगितलं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि प्रार्थनेला बसले. आवाज नाही तर नाही, मनात करू. पण मनात जी वाक्यं यायची ती सगळी स्टेजवरची. सुरुवात, चढ, मधला थांबा, मग हळू आवाजातला शेवट. समोर माणसं बसवल्याशिवाय एक वाक्य पुढे सरकेना. माणसं बाजूला काढली तर तिथे काहीच उरेना. "देव नाही असं वाटलं नाही मला," ते म्हणाले. "देव असेल आणि आमची ओळखच नसेल, असं वाटलं. ते जास्त वाईट."

त्या संध्याकाळी त्यांनी ताईला पाटीवर लिहून दाखवलं, 'मला प्रार्थना करता येत नाही.' ती भाजी चिरत होती. म्हणाली, "येईल हो, घसा बरा झाला की."

भूगोलाच्या बाई आमच्या चर्चमधल्या सर्वांत कडक बाई. शाळेत भूगोल शिकवायच्या. अर्ध्या गावाने त्यांच्याकडून छड्या खाल्ल्यात. लग्न केलं नव्हतं, धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. त्यांना पोटाचा कॅन्सर झाला होता आणि उपचार थांबवून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं होतं. भावजी आधी तीन-चार वेळा त्यांना भेटून आले होते. त्यांची भेट म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं: दारातूनच हसत आत, हात हातात, एक खणखणीत प्रार्थना, "बाई, तुम्ही बऱ्या होणार, मी विश्वासाने सांगतो," आणि बाहेर. बाहेर गाडीत फोन वाजत असायचा.

आता बाईंच्या बहिणीचा ताईला फोन आला की बाई पास्टरांची आठवण काढतात. ताई म्हणाली, ते येऊन काय करणार, बोलता येत नाही. बहीण म्हणाली, तेच सांगितलं मी, तर म्हणाल्या की मग पाठवच.

भावजी घाबरले होते. ताईने जवळजवळ ढकललंच. खोली लहान होती. पलंग, एक खुर्ची, भिंतीवर नकाशा, औषधांचा वास. भावजी खुर्चीवर बसले आणि पाटी मांडीवर घेतली. बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"एकूण बरं झालं तुमचा घसा बसला," त्या म्हणाल्या. "रागावू नका. पण तुम्ही येता, मी बरी होणार म्हणून सांगता. तुमच्यामागून बाकीचेही येतात, तेही तेच सांगतात. मी बरी होणार नाहीये, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. मग मला तुमच्याकडे बघून हसावं लागतं. तुम्हाला धीर द्यावा लागतो. फार दमते मी त्याने."

भावजींनी खडू उचलला आणि काहीच न लिहिता खाली ठेवला.

"मला भीती वाटते," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं चर्चमध्ये गेले, पण भीती वाटते हे बोलायची सोय तिथे नाही. विश्वास कमी पडला म्हणतील. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्हाला आज उत्तर देता येणार नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही एकटे असताना प्रार्थना करता का हो?"

भावजींनी लिहिलं, 'जमत नाही. आवाज गेल्यावर कळलं.'

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "मलाही हल्ली जमत नाही. शब्द आठवत नाहीत, औषधांनी डोकं जड होतं. मग नुसतं बसू या का?"

ते दोघं बसले. भावजी सांगतात की त्या बसण्यात काही चमत्कार झाला नाही. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. बाईंना एकदा कळ आली तेव्हा त्यांनी भावजींचा हात धरला आणि ओसरल्यावर सोडला. एवढंच. पण निघताना त्यांच्या लक्षात आलं की मघापासून त्यांनी कुणालाही समोर बसवलं नव्हतं, एकही वाक्य जुळवलं नव्हतं आणि तरी ती खोली रिकामी वाटली नव्हती.

त्यानंतर ते रोज जायला लागले. शस्त्रक्रिया झाली, तेवढे दिवस सोडले तर एकही दिवस चुकवला नाही. बाईंना बरं वाटत असेल तर त्या एखादं स्तोत्र वाचायला लावायच्या. वाचायची त्यांची बहीण, भावजी ऐकायचे. ताई एकदा बरोबर गेली होती. ती मला म्हणाली, "अगं, काहीच करत नाहीत ते तिथे. मला तर डुलकी लागली." मग म्हणाली, "पण घरी आले की जेवतात नीट."

डॉक्टरने हळूहळू बोलायची परवानगी दिली त्याच सुमारास बाई गेल्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं की आपल्या अंत्यविधीला बँड नको, पडद्यावर फोटो फिरवायचे नाहीत. भावजींचा नवा आवाज मी कबरस्तानात पहिल्यांदा ऐकला. जाडाभरडा, खाली उतरलेला, मधेच तुटणारा. त्यांनी शास्त्रातला एक उतारा वाचला आणि म्हणाले, "बाईंना मरणाची भीती वाटत होती. त्यांनी ती देवापासून लपवली नाही. आपण थोडा वेळ गप्प उभे राहू." आम्ही उभे राहिलो. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हललंसुद्धा नाही; बाई अजून बघताहेत असं वाटलं असावं.

पुढच्या रविवारी भावजी स्टेजवर परत येणार होते. अध्यक्षांनी जय्यत तयारी केली होती. फुगे, स्वागताची फिल्म, धूर, सगळं. भावजींनी शनिवारी येऊन धूर आणि फिल्म काढायला लावली. फुगे राहिले, कारण ते आधीच बांधून झाले होते.

त्यांचा आवाज ऐकून लोकांमध्ये चुळबुळ झाली. उपदेश छोटा होता. मला टाकायला मुद्देच नव्हते. त्यांनी सांगितलं की घसा गेला आणि आपल्याला प्रार्थना करता येत नाही हे कळलं. "मी तुम्हाला वर्षानुवर्षं प्रार्थना शिकवली," ते म्हणाले, "आणि मला येत नव्हती. मी बोलत होतो, तेही तुमच्याशी. आता मी इथे गप्प बसणार आहे. तुम्हीही बसा. देवाला काही सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर नुसते त्याच्यापुढे बसा."

आणि ते स्टेजच्या पायरीवर बसले.

सुरुवातीला बरं गेलं. मग कुणाचातरी फोन वाजला. एका लहान मुलीने मोठ्याने विचारलं, "बंद पडलं का?" काही लोक हसले. कीबोर्डवाल्याचे हात सवयीने पट्ट्यांवर गेले, एक सूर निघाला. भावजींनी मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. त्याने हात मांडीवर घेतले आणि आता त्या हातांचं काय करायचं हे न कळल्यासारखा त्यांच्याकडे बघत बसला. पडद्यावर मी पुढच्या गाण्याची पहिली ओळ आणून ठेवली होती. ती काढली. पडदा काळा केला.

मी वाट बघत होते, हे कधी संपतंय. सोमवारी दवाखान्यात कुणाकुणाच्या वेळा दिल्यात ते आठवून झालं. मग माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं मी या खोलीत डोळे कधी मिटलेच नव्हते. प्रार्थना म्हणजे माझ्यासाठी पुढची ओळ तयार ठेवायची वेळ. मी डोळे मिटले. चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटलं. खूप काही झालं असं सांगता येणार नाही. पण आईच्या मरणानंतर मी रडले नव्हते, ते रडू त्या कोपऱ्यात आलं. अंधार होता, कुणाला दिसलं नाही.

उपासना सुटल्यावर कॉफीच्या काउंटरवर दोन तट पडले. एक तरुण नवरा-बायको अध्यक्षांना सांगत होते की आम्ही मुलांना घेऊन इथे येतो ते त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून. एक दांडगा माणूस, व्यायामशाळा चालवणारा, भावजींचे दोन्ही हात धरून उभा होता. आग लागली म्हणून बाहेर पळालेल्या त्या आजी आता हयात नव्हत्या, नाहीतर त्यांना काय वाटलं ते मी नक्की विचारलं असतं.

भावजींनी दर रविवारी ती शांतता ठेवली. काही आठवड्यांत मागच्या रांगा रिकाम्या दिसायला लागल्या. शेवटी एका संध्याकाळी अध्यक्ष ताईच्या घरी आले. मी तिथेच होते, चहा टाकत होते. ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसले.

"पास्टर, मी तुमच्या विरोधात नाही," ते म्हणाले. "पण लोक आठवडाभर पिचून येतात. त्यांना उभारी पाहिजे असते. तुम्ही त्यांना त्यांच्याच डोक्यात कोंडून घालता."

"मलाही आधी तसंच वाटलं होतं," भावजी म्हणाले. "कोंडल्यासारखं."

"मग?"

"मग कळलं की मी आत कधी गेलोच नव्हतो."

अध्यक्षांनी कप फिरवला. "एका आजारी बाईंबरोबर चार दिवस बसलात आणि सगळं चर्च त्या खोलीसारखं करायला निघालात. सगळे काही मरायला टेकलेले नाहीत."

मला वाटलं, हा मुद्दा बिनतोड आहे. ताईलाही वाटलं असावं, तिने माझ्याकडे पाहिलं.

"अध्यक्ष, तुम्ही कधी करता प्रार्थना?" भावजींनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता.

अध्यक्षांनी लपवाछपवी केली नाही. "गाडी चालवताना. सिग्नल लाल असला की. सिग्नल सुटला की प्रार्थना संपली." मग म्हणाले, "माझं काम खुर्च्या भरण्याचं आहे. ते मला येतं. हे दुसरं मला येत नाही, आणि येत नाही त्यावर चर्च चालवायची माझी हिंमत नाही."

त्या संध्याकाळी काही ठरलं नाही, पण ठरणार काय हे सगळ्यांना समजलं. वर्ष संपायच्या आत पंचमंडळाने नवा पास्टर आणला. तिशीचा, उत्साही, गोड आवाजाचा. उपदेश तो करणार. भावजींनी आजाऱ्यांच्या, एकट्या माणसांच्या भेटी घ्यायच्या. भावजींनी मान्य केलं. कुणी म्हणेल की त्यांनी ते हसत स्वीकारलं, तर तसं नाही. नवा पास्टर पहिल्यांदा बोलला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ते माझ्या शेजारच्या स्टुलावर होते. त्यांचा जबडा आवळलेला मी पाहिला. घरी जाऊन त्यांनी ताईवर चहा थंड असल्याबद्दल चिडचिड केली. "चहा गरम होता," ताईने मला सांगितलं.

आता बुधवारी संध्याकाळी लहान मुलांच्या वर्गाच्या खोलीत काही जण बसतात. खुर्च्या मुलांच्या मापाच्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीला लागतात. भावजी एखादा उतारा वाचतात, मग सगळे गप्प. बाईंची बहीण येते, व्यायामशाळावाला येतो; तो तेवढा जमिनीवर बसतो, खुर्ची मोडेल म्हणून. कीबोर्डवाला नियमाने येतो. मी जमेल तेव्हा जाते. अध्यक्ष एकदा आले होते, खोलीतली ट्यूबलाइट बदलायची का ते बघायला, आणि संपेपर्यंत दाराला टेकून उभे राहिले. नंतर निघून गेले. पुन्हा आलेले नाहीत.

मी भावजींना मागे एकदा विचारलं, "आता जमते का प्रार्थना?"

"कधी जमते," ते म्हणाले. "बऱ्याचदा नाही. पण नाही जमली तर आता मला कळतं."

रविवारची उपासना पहिल्यासारखी चालू आहे. खुर्च्या पुन्हा भरल्यात, धूर परत आलाय, मी ओळी टाकते. प्रार्थनेच्या वेळी पुढची ओळ आधीच आणून ठेवते आणि डोळे मिटते. त्यात दोनदा चूक झाली, लोक चुकीचं कडवं गायले.

गेल्या महिन्यात नवा पास्टर भावजींबरोबर हॉस्पिटलमध्ये जायचं म्हणाला. एका ड्रायव्हरचा पाय कापावा लागला होता; आमच्याच चर्चमधला माणूस. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून बाहेरच्या बाकावर होते. भावजींनी नव्या पास्टरला एकट्यालाच आत पाठवलं आणि स्वतः माझ्याजवळ बसले. बराच वेळ झाला. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मला काही सुचलंच नाही," तो म्हणाला. "नुसता बसून राहिलो. तोच बोलत होता. शिव्यासुद्धा दिल्या त्याने."

"कुणाला?" भावजींनी विचारलं.

"देवाला."

"तुम्ही थांबवलं?"

"नाही. थांबवायला हवं होतं का?"

"नाही," भावजी म्हणाले. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि ते आत गेले. नवा पास्टर माझ्या शेजारी बसला. त्याचा फोन वाजला. त्याने तो काढून पाहिला आणि आवाज बंद करून परत खिशात ठेवला.